हवा खायला : भाड्याच्या बंगल्याची दोनशे वर्षं

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की सरांना या वयात हे काय सुचलं! सुट्टीत चार दिवस राहायला बंगला भाड्यानं घेणं, याला इतिहास तो काय असणार? तत्त्वज्ञानाच्या माणसाला साध्या गोष्टीत अडकायची खोड असते, ती आम्हालाही आहे. आम्हाला पडलेला प्रश्न असा की माणूस परक्या गावात चार दिवसांसाठी घर घेतो, तेव्हा तो नेमके कशाचे पैसे मोजतो? भिंती, छप्पर, पलंग, चूल तर त्याच्या घरीही आहेत. बऱ्याचदा तिथल्यापेक्षा बऱ्या आहेत. मग भाडं कशाचं?

मराठी भाषेनं याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलं आहे. आपण हवा खायला जातो. डॉक्टर हवापालट करायला सांगतात. एखाद्याला हवा मानवते, एखाद्याला बाधते. म्हणजे भाडं हवेचं. आता गंमत पाहा. जस्टिनियनच्या रोमन कायद्यात ज्या वस्तू निसर्गतःच सगळ्यांच्या आहेत, कुणा एकाच्या मालकीच्या होऊ शकत नाहीत, त्यांची यादी दिली आहे. हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा. या यादीतल्या पहिल्याच वस्तूचं भाडं लावता कसं आलं, याची हकीकत आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, महाबळेश्वर-पाचगणीला घडली. इस्लामपुरात बसून आपण तिच्याकडे दुरून बघावं असंही नाही, कारण कृष्णा तिथूनच आपल्याकडे येते.

साहेब येण्याआधी महाबळेश्वरला कुणी जातच नव्हतं, हा समज चुकीचा आहे. लोक जात होते, पण क्षेत्राला. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचं उगमस्थान, महाबळेश्वराचं देऊळ, आणि बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की कन्यागताचं पर्व. जाणारा उतरायचा तो क्षेत्रातल्या उपाध्यांच्या घरी किंवा धर्मशाळेत. पैसा तिथंही सुटत नव्हता, दक्षिणा होतीच. पण दक्षिणा राहण्याची नव्हती, विधीची होती. आणि आलेला माणूस तिथली हवा घ्यायला नव्हे, तिथलं पाणी घ्यायला आलेला असायचा. पावसाळ्यात त्या डोंगरावर पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आपल्याकडचा पाऊस त्याच्या मानानं चिमूटभर. अशा जागी मौजेसाठी घर करून राहावं, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

१८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी ते पठार चढून गेला. युरोपियनांपैकी तो पहिला मानतात. त्यानं तिथल्या थंड हवेची वाखाणणी केली. पुढं साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांच्या सांगण्यावरून छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्यापासून वर रस्ता करून दिला. १८२७ च्या अखेरीस सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि १८२८ मध्ये त्यांनी तिथं आजारी गोऱ्या सैनिकांसाठी प्रयोग म्हणून एक आरोग्यगृह सुरू केलं. इथं जरा थांबू या. या सगळ्या प्रकरणाची सुरुवात मौजेतून झालेली नाही, आजारातून झालेली आहे. त्या काळी वैद्यकाचा समज असा होता की बरेचसे ताप दलदलीच्या, कुजक्या हवेतून येतात. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये डासाच्या पोटात त्या तापाचा जंतू दाखवला, तोवर हवेवरचा हा आरोप पूर्ण पुसला गेला नव्हता. रोग हवेत असेल तर औषधही हवेतच असणार. मग चांगल्या हवेचा डोंगर म्हणजे दवाखानाच झाला की!

माल्कम यांनी तो डोंगर रीतसर घेतला. १८२९ च्या मे महिन्यात तह झाला. महाराजांनी डोंगरावरची जागा कंपनीला दिली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. नव्या वस्तीला नाव पडलं माल्कम पेठ. कागदावर हा अदलाबदलीचा व्यवहार आहे, दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत. पण ज्यांनी रस्ता करून दिला आणि डोंगर दिला, त्या प्रतापसिंह महाराजांना दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याच कंपनीनं गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. १८४७ साली ते तिथंच वारले. यजमान घराबाहेर गेला आणि पाहुणे राहिले. हे वाक्य आम्ही अलंकार म्हणून बोलत नाही. तो घटनाक्रमच तसा आहे.

मग वस्ती वाढली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण आजचं सगळं त्यातूनच आलेलं आहे. जमीन सरकारची, भाडेपट्ट्यानं दिलेली. तिच्यावर बंगला बांधणारा वेगळा, पुष्कळदा मुंबईचा धनिक, त्यांत पारशी बरेच. आणि उन्हाळ्यात त्या बंगल्यात राहणारा तिसराच. भाडं दिवसाचं नसे, हंगामाचं असे. हंगाम म्हणजे मार्च-एप्रिलपासून पाऊस फुटेपर्यंत, आणि पुन्हा दिवाळीच्या आगेमागे. मधले चार महिने बंगल्यांना गवताच्या झडी बांधायच्या, कुलपं लावायची आणि खाली उतरायचं. गव्हर्नर उन्हाळ्यात वर आले की मागोमाग कचेऱ्या, मागोमाग वकील, कंत्राटदार, भेटीला येणारे संस्थानिक. म्हणजे आरोग्यगृह म्हणून सुरू झालेली जागा एका पिढीत दरबार झाली. वरची हवा आता तब्येतीला तर लागतच होती, पण प्रतिष्ठेला जास्त लागत होती.

पोचायचं कसं, हेही ऐका. मुंबईहून बोटीनं बाणकोटच्या खाडीतून महाडकडे यायचं आणि तिथून घाट चढायचा. आंबेनळीचा घाट, साहेबाचा फिट्झजेरल्ड घाट, १८७६ चा. १८८० च्या दशकात आपल्याकडची आगगाडी आली, तेव्हा वाठार स्टेशनवर उतरून टांग्यानं वाई, पसरणीचा घाट, पाचगणी करत वर जायचं. चाळीसेक मैलांचा टांगा. सामानात गाद्या, भांडी, आचारी, मुलं, मुलांची दाई. आज व्हिलाच्या दारात गाडी उभी करून जे ‘थकलो बाबा’ म्हणतात, त्यांनी याचा विचार करावा.

हे सगळं कुणाच्या खांद्यावर? महाबळेश्वरच्या जंगलात धावड म्हणून समाज आहे, लोखंड गाळणारा. कोळसा हे त्यांच्या भट्टीचं अन्न. जंगलावर सरकारी बंधनं आली, कोळसा बंद झाला, भट्ट्या विझल्या. कोळी, कुळवाडी, धनगर हीही तिथलीच माणसं. ज्यांची ती हवा होती, त्यांना हंगामात बंगल्यांवर काम मिळालं, पाणी भरण्याचं, मध विकण्याचं, डोली उचलण्याचं. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. १८६४ पर्यंत तिथं एक तुरुंग होता आणि त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले होते, समुद्रापलीकडून आणलेले. बंगल्यांच्या टेबलावर जाणारे बटाटे आणि विलायती भाज्या पिकवण्यात या कैद्यांचा मोठा हात होता. स्वखुशीनं आलेल्यांच्या हवेसाठी बळजबरीनं आणलेल्यांनी राबायचं!

नावांचं पाहा. नाके खिंडीला माल्कम यांच्या मुलीवरून ‘केट्स पॉइंट’ म्हणू लागले. मढीमहालचा ‘आर्थर्स सीट’ झाला, तो आर्थर मॅलेट यांच्यावरून. हे गृहस्थ तिथं घर बांधून राहिले. त्यांची बायको आणि मूल सावित्रीच्या खाडीत बुडून गेलं. त्या कड्यावर उभं राहिलं की खाली सावित्रीचं खोरं दिसतं. त्या माणसाबद्दल वाईट वाटतं, वाटायलाच हवं. तरीही जुनं नाव पुसलं गेलं ही गोष्ट उरतेच.

आता इथून आम्ही तुम्हाला थोडं लांब नेणार आहोत, भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर. आपल्याकडं बेट म्हटलं की बहे. कृष्णेच्या पात्रातलं रामलिंग, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. त्याच्यापलीकडं बेटाचा आपला अनुभव नाही. पण महाबळेश्वरला बंगले उभे राहत होते त्याच दशकात, १८३८ च्या नोव्हेंबरात, स्पेनच्या मायोर्का बेटावर पाल्मा शहरात एक कुटुंब हवापालटासाठी उतरलं. फ्रेंच लेखिका जॉर्ज सांद, तिची दोन मुलं, आणि तिचा सोबती, पोलिश संगीतकार शोपँ. शोपँची छाती अधू होती. मुलाची तब्येतही नाजूक होती. पॅरिसची थंडी चुकवून उबेच्या हवेत हिवाळा काढायचा, असा बेत.

पाल्मात धड उतरायला जागा नव्हती. शहराबाहेर गोमेझ नावाच्या गृहस्थाचा एक बंगला भाड्यानं मिळाला. त्याचं नाव सों वेंट, म्हणजे वाऱ्याचं घर! पहिले काही दिवस आनंदात गेले. मग पाऊस लागला, भिंती ओलावल्या, शेगडीच्या धुरानं शोपँचा खोकला वाढला. तीन डॉक्टर बघून गेले. क्षयाची कुणकुण गावात पसरली. स्पेनमध्ये १७५१ पासून असा हुकूम होता की क्षयाचा रोगी कळवायचा आणि त्याचं अंथरूण-पांघरूण, सामान जाळायचं. गोमेझनं घर सोडायला सांगितलं. वर गाद्यांचे आणि घराला चुना काढण्याचे पैसेही मागितले. डिसेंबरच्या मध्याला ही मंडळी वालदेमोसाच्या डोंगरात, ओस पडलेल्या एका मठाच्या खोल्यांमध्ये राहायला गेली. फेब्रुवारीत बेट सोडलं ते डुकरं वाहून नेणाऱ्या बोटीतून. पुढं सांदनं त्या हिवाळ्यावर पुस्तक लिहिलं आणि बेटावरच्या लोकांना त्यात पोटभर शिव्या दिल्या.

आता यात दोषी कोण? शोपँचे चाहते गोमेझला दुष्ट ठरवतात. आम्हाला ते तितकं सोपं वाटत नाही. फ्रान्समधले डॉक्टर तेव्हा क्षयाला संसर्गजन्य मानत नव्हते. स्पेनचे मानत होते. पुढं १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखनं जंतू दाखवला आणि स्पॅनिश हुकूमच खरा ठरला. गोमेझच्या घरातही माणसं होती. पण दुसऱ्या बाजूनं, भर पावसात रक्त ओकणाऱ्या माणसाला घराबाहेर काढायचं? इम्मॅन्युएल कांटनं १७९५ च्या ‘शाश्वत शांती’वरच्या निबंधात याच प्रश्नाला हात घातला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : परक्याला दुसऱ्याच्या भूमीवर भेटीचा हक्क आहे, पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क नाही. त्यासाठी वेगळा करार लागतो. मात्र त्याला परत पाठवायचं तर त्यानं तो मरणार नसेल तरच. कांट एवढ्या कोरड्या भाषेत लिहितो की हे शेवटचं कलम किती मोठं आहे, ते पटकन लक्षात येत नाही. भाड्याच्या करारात मात्र ते कलम नसतं. करार तारखेचा असतो.

आपल्याकडचा शब्द आठवा. अतिथी. ज्याला तिथी नाही तो, अशी त्याची फोड परंपरेनं केली आहे. न सांगता येतो, किती दिवस राहील ते विचारायचं नाही. भाडेकरूचं सगळं तिथीवरच चालतं. दुपारी बारा-एकला आत, दुसऱ्या दिवशी दहा-अकराला बाहेर. दोन्ही एकच माणूस असू शकतो. फक्त दारावर आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो त्यावर तो काय ते ठरतं.

पाल्मात जे एका घरात घडलं ते पाचगणीत अख्ख्या गावाच्या वाट्याला आलं. पाचगणी ही वस्ती जॉन चेसन या इंग्रजानं १८६० च्या दशकात वाढवली. दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर, तायघाट या पाच गावांच्या मधोमध. महाबळेश्वराइतका पाऊस नाही, त्यामुळं बारमाही राहता येतं. म्हणून तिथं शाळा आल्या, आणि त्याच कारणानं रोगीही आले. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं. नाव पाहा, ‘चांगली हवा’. एका बाजूला देशभरची मुलं वसतिगृहांत, दुसऱ्या बाजूला देशभरचे रोगी व्हरांड्यांत खाटा टाकून, आणि दोघांसाठी औषध एकच. सांगली-मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनचं क्षयाचं रुग्णालय होतं, त्यामुळं आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हे जग परकं नाही. क्षय झालेल्या माणसाला घर मिळणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको. घरमालक खोकला ऐकून दार लावायचे.

‘सॅनिटोरियम’ हा शब्दसुद्धा मुंबईकडं कसा वळला बघा. इंग्रजीत त्याचा अर्थ रोग्यांचं विश्रामधाम. मुंबईच्या गुजराती, पारशी, मराठी बोलण्यात मात्र त्याचा अर्थ झाला ज्ञातीच्या ट्रस्टचं सुट्टीघर. देवळाली, माथेरान, लोणावळा इथं अशी सॅनिटोरियमं उभी राहिली. आपल्या समाजाच्या कुटुंबाला नाममात्र भाड्यात दोन खोल्या, स्वयंपाकाची सोय, आठ-पंधरा दिवस. चाळीतल्या कारकुनालाही त्यामुळं हवा मिळाली. हे मोठं काम होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दारावरचा प्रश्न बदलला. गोमेझ विचारत होता, आजारी आहात का? ट्रस्टचा मॅनेजर विचारायचा, आडनाव काय? राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घालून भेदभावाला मनाई केली आहे. भाड्यानं द्यायच्या घराचं नाव तिथं नाही. त्या फटीतून आजही बरंच काही आत-बाहेर करतं.

याच बंगल्यांत एक वेगळा पाहुणाही राहून गेला. मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजींची तब्येत खालावलेली होती. ते त्या पावसाळ्यात पाचगणीला दिलखुश बंगल्यात राहिले. १९४५ च्या उन्हाळ्यात महाबळेश्वरला मोरारजींच्या बंगल्यात आणि नंतर पुन्हा पाचगणीला. जून १९४५ मध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांनी सिमला परिषदेची घोषणा केली, तेव्हा ते पाचगणीतच होते. म्हणजे हवेसाठी श्रीमंतांच्या घरी राहणं त्यांनीही केलं. पण पुढं काय केलं ते महत्त्वाचं. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात गरिबांसाठी सोय करायचा त्यांचा विचार चालला होता. तो त्यांनी सोडला. गरिबाला शहरात बोलावून निसर्गोपचार होत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले. डोंगरावर नाही, रेल्वेलाइनवरच्या साध्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या खेड्यात. माणूस जिथं राहतो तिथलीच हवा, तिथलंच पाणी, तिथलीच माती औषध झाली पाहिजे. नाहीतर ते औषध नव्हे.

ही श्रद्धा झाली, असं कुणी म्हणेल. तर मग विज्ञानाचं ऐका. १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. आपली वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटिश संशोधन परिषद आणि मद्रास सरकार, सगळे त्यात होते. क्षयाच्या गरीब रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक आरोग्यधामात, चांगलं अन्न, विश्रांती, मोकळी हवा. दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात, अपुऱ्या अन्नावर, कामधंदा करत. गोळ्या दोघांनाही त्याच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. घरच्या माणसांना लागण होण्याचा धोकाही घरी राहिल्यानं वाढलेला दिसला नाही. सव्वाशे वर्षांची हवेची महती एका अभ्यासात खाली आली. जगभरची क्षयाची आरोग्यधामं त्यानंतर ओस पडत गेली, त्यात या मद्रासच्या कामाचा वाटा फार मोठा आहे. आपल्याकडं हे शाळेत शिकवत नाहीत, याचं आम्हाला नेहमी आश्चर्य वाटतं.

मग व्हायला काय हवं होतं? हवा औषध नाही हे ठरलं, तर तिचं भाडं बंद व्हायला हवं होतं. झालं उलटं. कारण गेलं आणि करार राहिला. आजार गेला, त्या जागी ‘आराम’ आला, ‘एंजॉय’ आला. बंगल्याचा व्हिला झाला, हंगामाचं भाडं रात्रीचं झालं, वाठारच्या टांग्याऐवजी मोबाइलवरचं बुकिंग आलं. ‘फक्त फॅमिली’, ‘फक्त शाकाहारी’ या पाट्या गोमेझच्या दारावरून आणि ट्रस्टच्या दारावरून चालत आल्या आहेत. आमच्या लहानपणी इस्लामपुरात सुट्टीचं घर म्हणजे मामाचं घर. तिथं भाडं नव्हतं, तारीखही नव्हती. मामीला काय वाटायचं ते मात्र तेव्हा कुणी विचारलं नाही!

महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ मध्ये केंद्रानं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. बांधकामावर बंधनं आली. तेव्हा बांधकामाची नजर भोवतालच्या डोंगरांकडं वळली. तापोळ्याकडं, कोयनेच्या पाण्याकाठी, कांदाटीच्या खोऱ्याकडं. जिथली गावं धरणानं एकदा उठवली, तिथंच. २०१९ मध्ये ‘नवीन महाबळेश्वर’ची आखणी रस्ते विकास महामंडळाकडं सोपवली गेली. सुरुवातीला त्यात ५२ गावं धरली. तिथल्या तरुणाला रोजगार हवा आहे, हे आम्ही नाकारत नाही. पुण्या-मुंबईत सुरक्षारक्षक होण्यापेक्षा स्वतःच्या रानात चार खोल्या काढून भाड्यानं दिलेल्या केव्हाही चांगल्या. पण खोल्या त्याच्या असतील तर. जमीन आधीच विकली गेली असेल, तर त्याच्या वाट्याला परत डोलीच आली म्हणायची, फक्त तिला चाकं लागलेली.

पाल्मानं यावर काय केलं, ते सांगतो. २०१८ मध्ये त्या शहरानं इमारतींमधले फ्लॅट पर्यटकांना भाड्यानं द्यायला बंदी केली. स्वतंत्र घरांना ती नव्हती. फ्लॅटमालक कोर्टात गेले. २०२३ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. तरी जुलै २०२४ मध्ये हजारो लोक पाल्माच्या रस्त्यावर उतरले. मागणी एवढीच की पर्यटन कमी करा, आम्हाला आमच्या गावात राहायला भाड्यानं घर मिळेना. ज्या बेटानं शोपँला घराबाहेर काढलं, तेच आज त्याच्या नावानं महोत्सव भरवतं आणि मठातल्या खोल्या तिकीट लावून दाखवतं. आणि तिथल्या शाळामास्तराला, नर्सला खोली मिळत नाही.

बेल-एअरचं पुढं काय झालं, हे राहिलं. क्षयाचं औषध घरोघर पोचलं तेव्हा ते ओस पडून एखादं आलिशान रिसॉर्ट व्हायला हरकत नव्हती. जागा तशीच आहे, झाडी आहे, हवा आहे. १९९० च्या दशकात तिथं एचआयव्हीचे रोगी येऊ लागले. या रोगाचा हवेशी काही संबंध नाही, हे तेव्हाही माहीत होतं. ते हवेसाठी आलेच नव्हते. गावात घरमालकानं, कित्येकांना तर घरच्यांनीच, दार लावलेलं होतं.